झाडे मोजली, माती कोण मोजणार?

२६ जुलै ही तारीख मुंबईकराला पावसाची म्हणून पाठ आहे. २००५ साली त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि खाडीकाठ बुजवून मिळवलेल्या जमिनीची किंमत शहराने माणसे गमावून चुकती केली. आता हीच तारीख जागतिक खारफुटी दिनाचीही आहे. युनेस्कोने २०१५ मध्ये ती ठरवली तेव्हा डोळ्यांपुढे मुंबई नव्हती, इक्वेडोर होता. तिथे कोळंबीच्या तळ्यांसाठी होणाऱ्या तोडीविरुद्ध १९९८ साली याच दिवशी आंदोलन झाले होते. योगायोगाने जुळलेली ही तारीख आपल्या शहराला मात्र पुरेपूर लागू पडते.

या दिवशी किनाऱ्यावर रोपे लावली जातात, किती लावली ते जाहीर होते. त्यात वाईट काही नाही. गुडघाभर चिखलात उतरून रोप लावणाऱ्या शाळकरी मुलांचे आम्हाला कौतुकच आहे. पण सगळा हिशोब रोपांच्या आणि खोडांच्या संख्येत मांडायची सवय लागली की एक गोष्ट नजरेआड होते, आणि तिच्याविषयी आज बोलायलाच हवे. झाड सहसा एकट्याने जेवत नाही. त्याच्या मुळाशी, बहुतेक वेळा मुळाच्या आतच, एक बुरशी राहते. जमिनीतले अन्न गोळा करण्याचे मोठे काम ती करते. झाड तोडून दुसरीकडे तिप्पट लावता येते. ती बुरशी आणि तिची माती आपण लावत नाही. ती तयार व्हायला काळ लागतो, आणि एक डंपर राडारोडा तिला एका दुपारी संपवतो.

ही गोष्ट समजून घ्यायला मुंबईतले मढ फार चांगली जागा आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मालाडची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर मढ, भाटी, एरंगळ, आक्सा ही गावे. समुद्राच्या अंगाला वाळू, खाडीच्या अंगाला काळा चिखल. एका बाजूला मर्यादवेल, रावणाच्या मिशा आणि लावलेले सुरू, तर दुसऱ्या बाजूला तिवर आणि चिप्पी. वर्सोव्याहून होडीत बसले तर काही मिनिटांत पलीकडे पोहोचता येते, इतके हे शहराच्या जवळ आहे. इथली जमीन पुस्तकातल्या सुपीक जमिनीसारखी नाही. वाळूत पाणी टिकत नाही, चिखलात हवा टिकत नाही, आणि मीठ दोन्हीकडे आहे. तरी हिरवे उगवते. ते कसे, हे पाहायचे तर आधी बुरशीविषयीची आपली समजूत बाजूला ठेवावी लागेल.

आपल्याकडे बुरशी म्हणजे पावसाळ्यात भिंतीला येणारा बुरा, पावावरची हिरवी कुजट साय, लोणच्यावरचा पांढरा तवंग. शेतकऱ्याला ती भुरी, करपा, तांबेरा, मर या नावांनी ठाऊक आहे, आणि त्यातले एकही नाव चांगल्या बातमीचे नाही. रानातल्या अळंब्या तेवढ्या अपवाद. इथे जिच्याविषयी लिहितो आहोत ती बुरशी अळंबी होऊन उगवत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि जिवंत मुळावाचून स्वतंत्रपणे वाढवताही येत नाही. म्हणूनच ती इतकी शतके आपल्या गणतीत आली नसावी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये मूळ आणि बुरशी यांच्या या जोडीला मायकोरायझा हे नाव दिले. ते खरे तर जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, हे पाहण्याच्या सरकारी कामावर होते. लागवड साधली नाही, पण झाडाच्या मुळांना बुरशीने वेढले आहे आणि तरी झाड आजारी नाही, हे त्यांनी ओळखले. ही बुरशी झाडाला अन्न पुरवते, हे त्यांचे म्हणणे त्या काळी अनेकांना पटले नाही. ते बरोबर होते.

हे काम कसे चालते, ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. झाडाला स्फुरद लागतो. मातीत तो असतोही, पण जागचा हलत नाही. कोकणच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, देशावरच्या काळ्या मातीत चुना धरतो. त्यामुळे मूळ आपल्या अंगालगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलते आणि तिथेच अडते. त्यापुढचा स्फुरद दिसतो आहे पण हाताला लागत नाही, अशी गत होते. नवे मूळ वाढवायचे तर झाडाला खर्च फार. बुरशीचा धागा मात्र केसाहून कितीतरी बारीक असतो. मूळ जिथे शिरूच शकत नाही अशा मातीच्या फटींत तो शिरतो, रिकाम्या झालेल्या पट्ट्याच्या पलीकडे कित्येक सेंटिमीटर पोहोचतो आणि तिथला स्फुरद, जस्त, तांबे, थोडे नत्र उचलून मुळाच्या पेशीत आणतो. पेशीत शिरल्यावर तो झुडपासारखा फांद्या फुटून पसरतो. देवघेव तिथेच होते. ते इवलेसे झुडूप काही दिवसच जगते, मग विरघळते आणि शेजारच्या पेशीत नवे उभे राहते.

बदल्यात झाड साखर देते आणि स्निग्ध पदार्थही देते. ही बुरशी स्वतःला लागणारी चरबी स्वतः बनवू शकत नाही, त्यासाठी ती पूर्णपणे झाडावर विसंबून असते, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. पानांनी उन्हात बनवलेल्या अन्नाचा वीस टक्क्यांपर्यंत वाटा या व्यवहारात जमिनीखाली जाऊ शकतो. एवढे मोल झाड उगाच देत नाही. जी बुरशी जास्त स्फुरद आणते तिच्याकडे झाड जास्त साखर वळवते, हे २०११ मध्ये प्रयोगांतून दिसले. आणि शेतात स्फुरदाचे खत भरपूर टाकले तर झाड बुरशीला दारच उघडत नाही. कोळीवाड्यातला व्यवहार माहीत असणाऱ्याला यात नवल वाटू नये: होडी समुद्रात जाते ती कोळ्याची, मासळीचे पैसे होतात ते कोळणीच्या पाटीत, आणि दोघांपैकी एकाचे काम थांबले तर घर चालत नाही.

या भागीदारीचे वय पाहिले की आपली शेती, आपली शहरे, आपली मानवजात सगळे कालपरवाचे वाटू लागते. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या दगडांत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशीन्‌पेशी टिकून राहिल्या आहेत. त्या वनस्पतींना खरी मुळे नव्हती, पाने नव्हती. पण त्यांच्या पेशींत हीच झुडपासारखी बुरशी होती. म्हणजे मुळे फुटण्याच्या आधी हे नाते जुळले होते. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आली ती बुरशीचा हात धरून, असे मानायला म्हणून आधार आहे.

झाड बुरशीला बोलावते कसे, याचा उलगडा होण्यात आपल्या ज्वारीच्या एका शत्रूचा मोठा हातभार आहे. टारफुला हे तण ज्वारीच्या, उसाच्या मुळावर जगते. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहते आणि यजमानाचे मूळ जवळ आले की मगच रुजते. मुळातून पाझरणारे कोणते द्रव्य त्याला जागे करते, ते १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांच्या पाझरातून शोधून काढले गेले. पण झाडाने आपल्याच वैऱ्याला हाक का मारावी? जवळजवळ चाळीस वर्षे या प्रश्नाला उत्तर नव्हते. २००५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवले की ती हाक बुरशीसाठी असते. स्फुरदाची टंचाई भासली की मूळ हे द्रव्य सोडते, त्याचा माग लागताच बुरशीचे धागे फुटून मुळाकडे झेपावतात. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. पोटाला अन्न हवे तर धोका पत्करूनही भागीदाराला बोलवावेच लागते, असा हा सौदा आहे.

आता मढच्या चिखलाकडे येऊ. या बुरशीला प्राणवायू लागतो, आणि खाडीच्या चिखलात बोटभर खाली तो जवळजवळ नसतो. म्हणून खारफुटीत ही बुरशी नसणारच, असे पुष्कळ काळ गृहीत धरले गेले. सुंदरबनात आणि मग गोव्यात मुळे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा चित्र बदलले. गोवा विद्यापीठातील प्रा. बी. एफ. रॉड्रिग्ज यांच्या गटाने गोव्याच्या खाड्यांमधल्या खारफुटीच्या १७ जाती तपासल्या. त्यांतल्या १६ जातींच्या मुळांत बुरशी सापडली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे जातीजातींतला फरक. जिचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते, त्या गेव्याच्या मुळांत बुरशी सर्वाधिक होती. आपल्या खाड्यांमध्ये जो सर्वांत जास्त दिसतो त्या तिवराच्या मुळांत ती या सोळांपैकी सर्वांत कमी होती.

चिखलात ती जगते ती झाडाच्या मेहेरबानीवर. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर डोके काढतात, चिप्पीचीही काढतात. त्यांच्यातून आत गेलेली हवा पोकळ्यांमधून खालच्या मुळांपर्यंत पोहोचते आणि थोडी बाहेर पाझरते. बुरशीचे बस्तान त्या पोकळ्यांच्या आसपास बसते. चिंबोऱ्यांनी पाडलेली बिळेही चिखलात हवा खेळवतात. मढच्या खाडीत ज्याने निवट्या आणि चिंबोऱ्या पकडल्या आहेत त्याला चिखल जिवंत आहे हे कुणी सांगायला नको. तिवराबाबत प्रामाणिकपणे एवढेही सांगायला हवे की तो या बुरशीवर फार अवलंबून दिसत नाही. स्फुरद मोकळा करणारे जिवाणू त्याच्या मुळांभोवती राहतात, हे मेक्सिकोतल्या खारफुटीत आढळले आहे. शिवाय गळलेली पाने आणि कुजणारी लाकडे फोडून त्यांचे अन्नात रूपांतर करणाऱ्या वेगळ्याच बुरशी चिखलात असतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा सागरी बुरशींची नोंद बी. डी. बोरसे यांनी १९८०च्या दशकापासून केली आहे. कोळंबीच्या पिल्लापासून बोईपर्यंत जे जे या खाडीत वाढते, त्याच्या पोटात शेवटी त्यांचेच काम जाते.

या सगळ्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. भरतीच्या पाण्याखाली जितका कमी काळ राहावे लागते, तितकी मुळातली बुरशी वाढते. म्हणजे खारफुटीच्या रानाची जमिनीकडची कड ही बुरशीची खरी कोठी. गेवा वाढतो तो त्याच कडेला. आणि भराव सुरू होतो तोही तिथूनच. डंपर पाण्यात जात नाही. तो रस्त्यालगतच्या उंच कडेवर राडारोडा ओततो, पुढच्या वेळी थोडा आत सरकतो. मागची तिवरे भरतीचे पाणी तुटल्यामुळे उभ्या जागी वाळेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही, आणि लक्ष गेल्यावर मोजली जातात ती वाळलेली तिवरे. सर्वांत आधी गाडल्या गेलेल्या पट्टीचा उल्लेख पंचनाम्यात येत नाही.

कायदा कमी पडतो असे म्हणण्याची सोय नाही. बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तोडीला मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती कायम केली. खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले, राडारोडा टाकायला बंदी घातली. आम्हाला या निकालातला तो ५० मीटरचा पट्टा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात झाडाबरोबर जमीनही आली. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. आणि तरीही मढ-एरंगळच्या किनाऱ्यावर बेकायदा चित्रपट स्टुडिओ उभे राहिले. एप्रिल २०२३ मध्ये ते पाडावे लागले. बांधकाम पाडले की कागदावर प्रश्न मिटतो. जोत्याखाली दबलेला, सिमेंटच्या चुन्याने बदललेला आणि भरतीपासून तोडलेला चिखल पुन्हा चिखल कधी होणार, हे विचारायला कागदावर जागाच नसते.

आता वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्याचे काम समोर आहे. त्यात ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे बाधित होणार, हा महापालिकेचाच आकडा. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली, आणि भरपाई म्हणून तिप्पट लागवडीचे नियोजन झाले. रस्ता हवा की नको हा वाद इथे घालत नाही. लोकलच्या दारात लोंबकळून मालाड-बोरिवलीहून येणाऱ्या माणसाच्या वेळेलाही मोल आहे. पण ‘तिप्पट’ या शब्दाने येणारे समाधान आम्हाला मान्य नाही. पोर्तो रिकोचे उदाहरण पाहा. त्या बेटावर पाइनची झाडे लावण्याचे प्रयत्न अनेक वर्षे फसले. रोपे पिवळी पडत, खुरटत, मरत. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या पाइनच्या रानातली माती आणून रोपांच्या मुळाशी घातली, आणि ती वाढू लागली. पाऊस तोच, ऊन तेच, बियाणे तेच. मातीतली बुरशी तेवढी नव्हती. पाइनची बुरशी आणि खारफुटीची बुरशी वेगळ्या गटांतल्या, हे खरे. तरी रोप म्हणजे झाड नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते. फिलिपिन्समध्ये खारफुटीची जागा नसलेल्या उघड्या चिखलपट्ट्यांवर लक्षावधी रोपे लावली गेली. तिथली बहुतेक जगली नाहीत.

समुद्राकडच्या वाळूतही हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. गोव्याच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या वनस्पतींत ही बुरशी असल्याची नोंद रॉड्रिग्ज यांच्याच गटाने २००१ मध्ये केली आहे. वाळूत बुरशीचे धागे दुहेरी काम करतात: मर्यादवेलीला अन्न-पाणी देतात आणि वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. आक्सा, एरंगळच्या किनाऱ्यावर सुशोभीकरण म्हणून वेल उपटून वाळू सपाट केली की पुढच्या उधाणात ती का वाहून जाते, याचे एक कारण या धाग्यांत आहे. दगडी भिंत त्याला पर्याय म्हणून बांधली जाते. तिचा खर्च मात्र कुणी मर्यादवेलीच्या नावे लिहीत नाही.

बुरशीच्या बाजूने बोलताना वाहवत जाणेही बरे नव्हे. जंगलातली झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिल्लांना भरवते, अशा कथा गेल्या काही वर्षांत फार रंगल्या. मूळ प्रयोग १९९७ चा, सुझान सिमर्ड यांचा, आणि तो महत्त्वाचा आहे. पण त्यावर रचलेले इमले पुराव्यापेक्षा फार उंच गेले, असे याच क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये स्पष्ट लिहिले. दुसरे वाहवणे बाजारातले. कृषी सेवा केंद्रात आता मायकोरायझाची पाकिटे सर्रास मिळतात. कांदा, केळी, संत्रा, मिरचीच्या रोपवाटिकेत चांगल्या प्रतीच्या पाकिटाचा उपयोग होतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक ही पिके या बुरशीशी नातेच जोडत नाहीत. तिथे तो पैसा मातीत गेला. सुपर फॉस्फेट भरपूर ओतून वर पाकीट टाकणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घेणे. शिवाय जगभरच्या तपासण्यांत अशा कित्येक पाकिटांत जिवंत बुरशी आढळलेलीच नाही. जी मातीत आधीच आहे ती मरू न देणे, हे विकत आणण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे: कमी नांगरट, पिकांचा फेरपालट, जमीन उघडी न ठेवणे.

मढपुरते बोलायचे तर मागण्या अवघड नाहीत. खारफुटीच्या रोपवाटिकेत पिशवीत खाडीचाच चिखल भरण्याची रीत आहे. तो चिखल जिवंत, जुन्या रानाच्या कडेचा असावा आणि त्यासाठी एकच जागा ओरबाडली जाऊ नये. जिथे भराव टाकला आहे तिथे आधी भराव काढून भरतीचे पाणी मोकळे करावे. पाणी परतले की तिवराचे बी पावसाळ्यात आपणहून येते, आणि आपणहून रुजलेले रोप लावलेल्या रोपापेक्षा अधिक भरवशाचे असते. किनारी रस्त्यासाठी जिथे यंत्रे उतरणार, तिथल्या मुळांची आणि चिखलाची तपासणी झाडे तोडण्याआधी व्हावी. मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा बुरशींचा राष्ट्रीय संग्रह सांभाळणाऱ्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला हे काम देता येईल. मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही बीएस्सीच्या वर्गात शिकवता येईल इतकी साधी रीत आहे. मढ आणि मालवणीच्या शाळा-महाविद्यालयांतली मुले ज्या हातांनी रोप लावतात त्याच हातांनी हेही करू शकतात. आणि भरपाईच्या लागवडीचा अहवाल दरवर्षी न्यायालयापुढे जाईल तेव्हा त्यात किती रोपे लावली, किती जगली यांच्या शेजारी तिसरा रकाना असावा: तपासलेल्या मुळांपैकी कितींत बुरशी आढळली. तो रकाना कोरा येऊ लागला तर लागवडीची जागा चुकली हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळेल, आणि तेव्हा ती बदलायला वेळ शिल्लक असेल.